हिशेबनिसांची केस

७ फेब्रुवारी

खारूताई,

पोचलो. खोली बरी आहे. पंखा कुरकुरतो, गादी बहुधा माझ्यापेक्षा वयाने मोठी असावी, पण खिडकीतून उजेड छान येतो. हे सगळं फोनवर दोन मिनिटांत सांगून झालं असतं. पण लिफ्टमध्ये अडकलेल्या लोकांचे फोन दिवसभर घेणाऱ्या बाईला घरी गेल्यावर घंटा नको वाटते, हे मला मान्य आहे. पोस्टखातं आपल्या दोघांच्या जिवावर चाललंय, दुसरं काय!

या खेपेचं बालसंरक्षण कार्यालय एका सायकलच्या दुकानावर आहे. जिन्यात वंगणाचा वास येतो. वर गेलं की बाकं दिसतात, ती टेबलांकडे नाही, खिडकीकडे तोंड करून मांडलेली. आलेल्या मुलांना रस्ता दिसावा म्हणून, असं कळलं. ते मला आवडलं. मग फायली पाहिल्या. कपाटावर फायली, कपाटाखाली फायली, एक गठ्ठा तर दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला.

इथल्या प्रमुखांना सगळे 'मोठ्या बाई' म्हणतात. उंचीने माझ्या खांद्याला लागतात. पहिल्याच दिवशी त्या आम्हा तिघा निरीक्षकांना म्हणाल्या, "आमच्या फायली मागे पडल्यात. मुलं मागे पडलेली नाहीत. आधी काय बघणार?" मी मनात म्हटलं, नाचता येईना, अंगण वाकडं. कामात कच्चे असलेले लोक बोलण्यात पक्के असतात, हा माझा अनुभव आहे.

मागच्या तपासणीत यांना 'अपुरी सेवा' असा शेरा मिळाला होता. यंदा पुन्हा तोच मिळाला तर कार्यालयाला टाळं. काम मोठ्या शहराच्या कार्यालयाकडे जाईल आणि इथल्या प्रत्येक मुलाला नवा माणूस मिळेल. मुलांना जुनी माणसं प्यारी असतात, हे मलाही कळतं. पण मोजायला आलोय तर मोजणार.

यांची एक तऱ्हा मात्र ऐकण्यासारखी आहे. ज्याने फोन उचलला, केस त्याची. शेवटपर्यंत. पोराने आपली कहाणी दहा जणांना सांगत बसायची नाही, एकाच माणसाला सांगायची, आणि त्या माणसाने नंतर गायब व्हायचं नाही. निर्णय घ्यायला सोबत शिकलेली कार्यकर्ती असते, पण चेहरा तोच राहतो. त्यामुळे इथे ड्रायव्हरकडेसुद्धा दोन केसेस आहेत! आम्ही कपाळाला हात लावला.

चाचणीचा फोन करायचं काम यंदाही माझ्याकडेच आलं. शेजारी असल्याचं सोंग घ्यायचं, मुलाची तक्रार नोंदवायची. गल्ली खरी, घराचा नंबर नसलेला, म्हणजे कुठल्या खऱ्या कुटुंबाला त्रास नको. परवा बागेत बसून केला. आमचं नशीब बघ, सगळे बाहेर गेलेले, फोन उचलला हिशेबनिसाने! या वर्षी निवृत्त होणार, बोलणं तुटक, चष्मा दोऱ्याने बांधलेला. म्हणजे आता केस त्याची. मी मात्र काम झकास केलं. बोलता बोलता मधेच थांबलोसुद्धा, अगदी खऱ्यासारखा. नाटकात गेलो असतो तर आज नाव काढलं असतं.

तुझा,
मोजपट्टी


११ फेब्रुवारी

मोजपट्ट्या,

नाव काढलं असतंस यात शंका नाही, कुणाचं ते विचारू नकोस.

चाचणीचे फोन आमच्याकडेही येतात. माणूस सांगतो, "अडकलोय, घाबरलोय," आणि मागे त्याच्या चहाच्या कपात चमचा फिरल्याचा आवाज येतो. तरीही मी त्याच्याशी खऱ्यासारखीच बोलते. खरं कोण आणि खोटं कोण हे मी ठरवत बसले तर एखाद्या दिवशी नक्की चुकेन, आणि त्या दिवशी आत कुणीतरी खरंच असेल.

तुमच्यासारखा एक मोजणारा आमच्याकडेही येऊन गेला. कोणता फोन किती लवकर संपला ते त्याने मोजलं. दुसऱ्या पाळीतल्या मुली "मेकॅनिक निघालाय" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्यांना पैकीच्या पैकी. मी दार उघडेपर्यंत बोलत राहते. स्वयंपाक काय केला, मुलं काय करतात, कोणतं गाणं येतं. एका आजोबांनी मला अख्खं लग्न सांगितलं, वरातीपर्यंत पोचले तेव्हा दार उघडलं. तर माझे गुण खात्यात सगळ्यांत कमी! साहेबांना म्हटलं, कमी तर कमी. गुण वाढले म्हणून माझ्या भाकरीवर लोणी लागणार नव्हतंच.

त्या हिशेबनिसाची मला दया येते. बिचारा आकडे मांडत बसला असेल आणि तू त्याच्या गळ्यात नसलेलं पोर बांधलंस. काय सांगितलंस त्याला? जसंच्या तसं लिही. तुझा अभिनय कुठवर पोचलाय ते बघू तरी.

आणि गादी उन्हात टाक.

खारूताई


१५ फेब्रुवारी

खारूताई,

प्रकरण माझ्या अंगाशी आलंय.

एरवी काय होतं सांगतो. माणूस गल्लीत जातो, त्या नंबरचं घर सापडत नाही, परत येऊन 'पत्ता चुकीचा' लिहितो, तक्रार बंद. दोन दिवसांत बंद झाली तर आमच्या तक्त्यात पूर्ण गुण, नंतर दर दिवसाला कापायचे. हिशेबनिसांची तक्रार अजून उघडीच आहे. गुण केव्हाच शून्यावर आले.

पहिल्या दिवशी ते कार्यकर्तीला घेऊन गल्लीत गेले. नंबर नाही. परत येऊन म्हणाले, "सांगणारा घाबरलेला होता. नंबर चुकला असेल, मुलगी कशी चुकेल?" दुसऱ्या दिवशी एकटेच गेले आणि गजांच्या गॅलऱ्या बघत संध्याकाळभर हिंडले. मग शेजारची गल्ली. इस्त्रीवाल्याला विचारलं, दूध टाकणाऱ्याला विचारलं, जिना झाडणाऱ्या बाईंना विचारलं. कुणाच्या दारावर थाप नाही, कुणावर संशय नाही. "माझी नात हरवल्यासारखं विचारतो, मग लोक नीट सांगतात," म्हणाले. आता ड्रायव्हरही काम संपलं की सोबत जातो. मोठ्या बाईसुद्धा जातात.

शेवटच्या बैठकीपर्यंत चाचणी उघड करायची नाही, असा नियम आहे. आमच्या मुख्य निरीक्षकांना म्हटलं, आपण सांगून टाकू. ते म्हणाले, "आज यांना सांगितलं तर उद्या सगळ्या कार्यालयांना कळेल, मग मोजायचं काय?" बरोबरच आहे त्यांचं. तरी रोज हिशेबनिसांची नजर चुकवतो.

काल दुपारी मी फायली चाळत बसलो होतो. हिशेबनीस स्वतःचा चहा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "तुम्ही बाहेरगावची माणसं, बरंच पाहिलेलं असणार. तुम्हाला काय वाटतं, कुठे असेल हो ती?"

ताई, मी आयुष्यात इतका खजील कधी झालो नाही. म्हटलं, "खोडसाळपणाही असू शकतो."

"नाही," ते म्हणाले. "सगळी हयात खोटी बिलं बघण्यात गेली माझी. खोटं बोलणारा घडाघडा बोलतो. हा माणूस मधेच थांबला. चमच्याचं सांगताना थांबला. याने पाहिलंय."

आता मी काय सांगणार, की तो थांबला कारण त्याला स्वतःच्या अभिनयाचं कौतुक वाटत होतं!

तू विचारलंस म्हणून लिहितो. मी म्हटलं ते असं: "समोरच्या घरात दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे. सहा-सात वर्षांची. संध्याकाळी तिला गॅलरीत ठेवून दाराला कडी लावतात आणि निघून जातात. ती रडत नाही. गजांवर चमचा वाजवते. दोनदा वाजवते, मग थांबते, मग परत दोनदा. अंधार पडला तरी वाजवत असते. कुणीतरी या." बस, एवढंच. कुठून सुचलं देव जाणे.

आणि एक कबूल करतो. अंगण खरंच वाकडं होतं. या आठवड्यात मी इथल्या मुलांना भेटलो. प्रत्येकाला विचारायचा आमचा प्रश्न आहे, 'अडचण आली तर कुणाला सांगशील?' इतर ठिकाणी मुलं 'कार्यालयाला' म्हणतात किंवा खांदे उडवतात. इथे प्रत्येक पोराने एका माणसाकडे बोट दाखवलं. एकीने ड्रायव्हरकडे दाखवलं, आणि तो गडी कानापर्यंत लाल झाला. फायलींवर धूळ आहे हे खरं, पण अशी माणसं मी कुठल्याच कार्यालयात पाहिली नाहीत.

तुझा,
मोजपट्टी


२० फेब्रुवारी

खारूताई,

तुझं उत्तर नाही. तब्येत बरी आहे ना? की माझ्या अभिनयावर हसून हसून पडून आहेस?

इथे शोध चालूच आहे. शोधता शोधता त्यांना दोन भावंडं सापडली. आई दुपारच्या पाळीला जाते, पोरं एकटीच कडी लावून बसायची. कुणी दोषी नाही, सोयच नव्हती. मोठ्या बाईंनी आईला आधी बसवून चहा दिला, मग पोरांची खेळघरात सोय केली. बाई बिचारी भेदरून आली होती, जाताना जिन्यात गुणगुणत होती.

मला वाटलं, आता हिशेबनीस थांबतील. म्हणाले, "ही दोघं चांगली भेटली. पण यांच्याकडे चमचा कुठे होता?"

शेवटची बैठक तेवीस तारखेला. तोंड कसं दाखवू ते कळत नाही. दोन ओळी तरी पाठव.

मोजपट्टी


२१ फेब्रुवारी

माझ्या मोजपट्ट्या,

तुझं पंधरा तारखेचं पत्र आलं त्या दिवसापासून मी चार वेळा लिहायला बसले आणि चार वेळा उठले. आज लिहून टाकते. तू बैठकीला जायच्या आत तुझ्या हातात पडायला हवं, म्हणून स्पीड पोस्टने टाकतेय.

हिशेबनिसांचं खरं आहे. त्या माणसाने पाहिलंय.

चमचा मी वाजवायचे.

तू पाच वर्षांचा होतास, मी सातची. माझी आई गेली त्याच्या पुढच्या वर्षाची गोष्ट. बाबांचं आणि मावशीचं, म्हणजे तुझ्या आईचं, बोलणं बंद होतं. घरात पाऊल टाकू नका असं बाबांनी सांगितलेलं. तरी मावशी सुट्टीत तुला घेऊन आली आणि समोरच्या घरात ओळखीच्यांकडे उतरली. मला लांबून तरी बघता यावं म्हणून, हे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितलं. बाबा संध्याकाळी मला गॅलरीत ठेवून कडी लावायचे आणि जायचे. ते मारायचे नाहीत, हेही लिहायला हवं. त्यांना घरात बसवायचं नाही आणि मला कुठे ठेवायचं ते कळायचं नाही. मावशी त्या वेळी बाजारात नाहीतर स्वयंपाकघरात असायची, तिला हे दिसलंच नव्हतं. रडले तर शेजारी बाबांना सांगतील ही भीती, म्हणून मी चमचा वाजवायचे. दोनदा वाजवून थांबायचे.

थांबायचे का, ते तुला आठवत नाही. मला आठवतं. पलीकडच्या खिडकीत एक नाकातून शेंबूड गळणारं ध्यान उभं असायचं. त्याच्या हातात लाकडी पट्टी असायची, त्या घरातल्या शिंपीकाकांची. मी दोनदा वाजवलं की ते ध्यान पट्टीने खिडकीच्या चौकटीवर दोनदा ठोकायचं. मग मी परत. मग ते परत. जेवायला हाक मारली तरी हलायचं नाही.

तुला आजवर वाटत आलंय ना, की घरादाराची मापं काढत हिंडायचास म्हणून मी तुला मोजपट्टी म्हणते? ते नंतरचं, वेड्या. नाव त्या खिडकीतलं आहे.

आणि एका संध्याकाळी तू मावशीला हाताला धरून ओढत खिडकीशी आणलंस. काय म्हणालास ते ती मला कितीदा तरी सांगायची. "समोर एक मुलगी आहे. ती रडत नाही. चमचा वाजवते. चल ना." मावशी तशीच, पिठाच्या हातांनी, रस्ता ओलांडून आली. आपल्या आईचा आवाज त्या दिवशी सबंध गल्लीने ऐकला. त्या रात्री मी तुमच्याजवळ झोपले, आणि मग तुमचं घर आपलं झालं. तुला सांगितलं गेलं की ताईची आई नाही म्हणून ती आपल्याकडे राहते. पुढचा विषय घरात काढायचा नाही, असं मावशीनेच ठरवलं होतं, माझ्या बाबांची लाज राहावी म्हणून. आता दोघंही नाहीत. मी का गप्प राहू?

तर तुझा अभिनय वगैरे काही नाही. तू पाचव्या वर्षी जी तक्रार नोंदवली होतीस, तीच परवा बागेत बसून पुन्हा नोंदवलीस. तेव्हा ती आईने उचलली, या वेळी हिशेबनिसांनी.

पत्र वाचलं आणि मी रडले, हसले, मग कामावर गेले. अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं माझ्या हातात नसतं. पलीकडून ठोकत राहणं असतं. ते मी तुझ्याकडून शिकले, आणि तुला ठाऊकसुद्धा नाही!

त्या हिशेबनिसांना माझा नमस्कार सांग. माझ्यासाठी इतके दिवस गल्ल्या धुंडाळणारा दुसरा कुणी मला आठवत नाही.

तुझी,
खारूताई


२४ फेब्रुवारी

ताई,

तुझं पत्र बैठकीच्या आदल्या दिवशी मिळालं. मी ते जिन्यातच वाचलं आणि तिथेच बसून राहिलो. सायकलवाल्याने पाणी आणून दिलं. मला खिडकी आठवत नाही, तू आठवत नाहीस. फक्त हाताला लाकूड लागल्यासारखं वाटतंय. ते खरं आठवतंय की तुझं वाचून वाटतंय, ते सांगता येत नाही.

काल बैठक झाली. मी उभा राहिलो आणि सांगून टाकलं, गॅलरीतल्या मुलीचा फोन आमचा होता.

मोठ्या बाई म्हणाल्या, "कोंडलेली मुलगी नाही, याचा मला आनंद व्हायला हवा आणि झालाय. पण साहेब, माझ्या माणसांच्या संध्याकाळी गेल्या. त्यांच्या घरीसुद्धा पोरं आहेत. तुमचा मला राग आलाय, तो मी लपवणार नाही." मी म्हटलं, लपवू नका. आमच्या मुख्य निरीक्षकांनीही मान खाली घातली, आणि ती सहसा हलत नाही.

हिशेबनीस माझ्याकडे बघत होते. दोरा सुटून चष्मा हातात आला होता. म्हणाले, "म्हणजे मी चुकलो. त्याने पाहिलेलं नव्हतं तर."

मी म्हटलं, "तुम्ही चुकला नाहीत." आणि सगळ्यांसमोर सांगितलं. तुझी परवानगी घेतली नाही, ताई, रागाव हवं तर. पण त्या माणसाला तसाच घरी पाठवणं मला शक्य नव्हतं. सांगताना मी पुन्हा थांबलो, त्याच जागी. ड्रायव्हर खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मोठ्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि वर मलाच दटावलं, "रुमाल आहे का तुमच्याकडे? नाक पुसा."

हिशेबनिसांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "आता कशी आहे ती?"

म्हटलं, "बरी आहे. आमच्या सगळ्यांत बरी आहे."

"तुम्ही म्हणता," ते म्हणाले, "पण तुम्ही तिचे भाऊ. आमच्याकडे नातेवाइकांच्या सांगण्यावर केस बंद होत नाही. मूल डोळ्यांनी पाहावं लागतं." चेष्टा करत होते असं वाटलं तुला? मलाही वाटलं. नव्हते करत.

आता निकाल. चाचणीच्या रकान्यात मी शून्यच लिहिलं. गुण वाढवले असते तर उद्या या तपासणीवर कुणी विश्वास ठेवला नसता, आणि बाईंना दयेचे गुण नकोच होते. पण मुलांनी बोट दाखवलं तो रकाना, घरभेटींचा रकाना, तिथे त्यांनी इतकं कमावलंय की एकूण शेरा 'सुधारणा हवी' असा आला. कार्यालय राहतंय. मुलांची माणसं त्यांच्याजवळच राहतील. फायलींबद्दल मी दीड पान खरडपट्टी काढली आहे, ती वाचून बाई म्हणाल्या, "हे मात्र खरं आहे." दाराला लावलेला गठ्ठा आज उचललाय, त्याच्या जागी वीट ठेवली आहे.

आणि वरच्यांना एक टिपण पाठवतोय. चाचणीची तक्रार किती लवकर बंद झाली, हे मोजणं बंद करा. मूल सापडलं नाही तेव्हा पुढे काय केलं, ते मोजा. टिपणावर आमच्या तिघांच्याही सह्या आहेत. इतकी वर्षं मी फूटपट्टी उलटी धरून हिंडत होतो बघ. टिपण लिहिताना तुझ्या लिफ्टमधल्या त्या आजोबांची वरात मनात होती.

आता परत निघायला हवं, पण हिशेबनिसांची तक्रार अजून उघडीच आहे. काय करू?

तुझा,
मोजपट्टी


२७ फेब्रुवारी

मोजपट्ट्या,

रागावले नाही. नाक पुसलंस ना?

दोन दिवसांची रजा टाकली आहे. साहेबांनी कारण विचारलं. म्हटलं, एका गृहस्थांना भेटायला जायचंय, ते मला शोधतायत.

शनिवारी सकाळच्या गाडीने येते. तू तिथेच थांब. हिशेबनिसांना सांग, जिन्यातून वर येताना मी कठड्यावर दोनदा वाजवीन. चमचा बरोबर आणतेय, पिशवीत ठेवलाय, तोच आहे. त्यांनी फक्त आतून उत्तर द्यायचं.

खारूताई